आइड्स ऑफ मार्च मुळात अशुभ होता की नंतर बदनाम केला गेला?

प्रश्न असा आलाय की रोमन लोक १५ मार्च, म्हणजे मार्चचा आइड्स, हा दिवस आधीपासूनच अशुभ मानायचे का, म्हणजे रोमचा सत्ताधीश ज्युलिअस सीझर याला इ.स.पू. ४४ मध्ये त्या दिवशी मारलं म्हणून दिवस वाईट ठरला की दिवसच वाईट होता म्हणून भविष्यवाल्याने त्याला सावध केलं, आणि दर महिन्याच्या १५ तारखेला आइड्स म्हणायचं का. प्राचीन रोमचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेलीयेत आणि मार्च आला की हे दोन प्रश्न हमखास येतात, त्यामुळे एकदा नीटच लिहून टाकतो. घाईत असाल तर उत्तर एवढंच की १५ मार्च मुळात अशुभ वगैरे काही नव्हता, उलट लोक त्या दिवशी नदीकाठी जाऊन दारू पिऊन धमाल करायचे, तो बदनाम झाला सरकारी ठरावाने आणि जगभर फेमस झाला शेक्सपियरमुळे. आणि नाही, आइड्स दर महिन्याला १५ लाच नसतो.

आधी दुसरा प्रश्न संपवतो कारण तो कळल्याशिवाय पहिला कळणार नाही. रोमन लोक तारखा आपल्यासारख्या १, २, ३ अशा मोजायचेच नाहीत. महिन्यात तीन दिवस ठरलेले: कॅलेंड्स म्हणजे पहिला दिवस, नोन्स म्हणजे पाचवा किंवा सातवा, आणि आइड्स म्हणजे तेरावा किंवा पंधरावा. बाकी सगळ्या तारखा उलट्या, म्हणजे पुढच्या ठरलेल्या दिवसाला किती दिवस उरलेत असं सांगायचं, आणि वर मोजताना दोन्ही टोकं धरायची. म्हणजे १४ मार्च हा आइड्सचा आदला दिवस, पण १३ मार्च हा आइड्सआधीचा तिसरा दिवस, कारण १३, १४, १५ असे तीन मोजले. आणि १६ मार्च उजाडला की नावापुरता मार्च संपलाच, तो एप्रिलच्या कॅलेंड्सआधीचा सतरावा दिवस. इथे वर्गातले निम्मे जण पेन खाली ठेवतात.

ही दोन्ही टोकं धरायची सवय इतकी हाडात भिनलेली होती की सीझरने दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस घालायचा नियम केला आणि तो मेल्यावर पुजाऱ्यांनी आपल्या पद्धतीने मोजून तो दिवस दर तीन वर्षांनी घालायला सुरुवात केली, आणि हे कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, शेवटी सीझरचा वारस आणि पहिला सम्राट ऑगस्टस याने काही लीप दिवस गाळून तो घोळ निस्तरला. म्हणून इ.स.पू. ४४ ची १५ मार्च आजच्या गणिताने मागे मोजत जाऊन अमुक वार होता वगैरे छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे जरा संशयाने बघा, कारण त्यात एखाद दिवस इकडचा तिकडे होतो.

आता हे तीन दिवस आले कुठून, तर चंद्रावरून. व्हॅरो हा सीझरच्याच काळातला विद्वान, तो लिहितो की कॅलेंड्सच्या दिवशी पुजारी कॅपिटोल टेकडीवर जुनो देवीचं नाव घेऊन पाच वेळा किंवा सात वेळा पुकारा करायचे, त्यावरून लोकांना कळायचं की या महिन्यात नोन्स पाचव्या दिवशी आहे की सातव्या. म्हणजे कोर दिसली की महिना सुरू, अर्धा चंद्र झाला की नोन्स, पौर्णिमा झाली की आइड्स, असा मूळ हिशोब. आपल्या अमांत महिन्याची सवय असलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही, अमावास्या संपली की महिना चालू आणि मधोमध पौर्णिमा. फरक इतकाच की आपलं पंचांग चंद्राला धरून राहिलं आणि रोमन कॅलेंडर फार लवकर चंद्राला सोडून कागदावर गेलं. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर हे चार महिने ३१ दिवसांचे, फेब्रुवारी २८ चा आणि उरलेले सगळे २९ चे, बेरीज ३५५. वर्ष ऋतूंशी जुळवायला मधूनमधून फेब्रुवारीत एक जादाचा महिना घुसवायचा, आणि तो घुसवायचा की नाही हे ठरवणार पुजारी, जे स्वतःच राजकारणी होते. मित्र पदावर असेल तर वर्ष लांबवा, शत्रू असेल तर राहू दे तसंच. सीझर स्वतः मुख्य पुजारी होता पण गॉलमध्ये (आजचा फ्रान्स) आणि नंतर यादवी युद्धात अडकलेला, त्यामुळे कॅलेंडर इतकं घसरलं की इ.स.पू. ४६ हे वर्ष त्याला ४४५ दिवसांचं करावं लागलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तर ते चार ३१ दिवसांचे महिने, फक्त त्यांच्यात आइड्स १५ ला, बाकी आठ महिन्यांत १३ ला. मग लोक विचारतात की जानेवारी, ऑगस्ट, डिसेंबर पण ३१ चे आहेत, तिथे १३ का. कारण ते आधी २९ चे होते, सीझरने दोन-दोन दिवस वाढवले पण वाढवले ते आइड्सनंतर, महिन्याच्या शेवटाकडे, म्हणजे सणांच्या ठरलेल्या जागा हलणार नाहीत. सुधारक माणूस होता पण देवाधर्माच्या गोष्टीला हात लावताना जपून लावायचा.

आता मुख्य मुद्दा. आइड्स हा दिवस ज्युपिटरचा, म्हणजे रोमनांच्या सगळ्यात मोठ्या देवाचा. दर आइड्सला पांढरी मेंढी पवित्र रस्त्याने वर टेकडीवर नेऊन त्याला बळी द्यायचे. इटलीतल्या आन्झिओला भिंतीवर रंगवलेलं एक कॅलेंडर सापडलंय, सीझरच्या सुधारणेच्या आधीचं तेवढं एकच आपल्यापर्यंत आलंय, त्यात प्रत्येक दिवसापुढे अक्षरं आहेत, कोर्ट चालू, कोर्ट बंद, सभा भरवता येईल वगैरे, आणि आइड्सपुढे जी खूण आहे ती सणाच्या दिवसांची आहे. काळ्या यादीतल्या दिवसाला कुणी असं वागवत नाही.

बरं, सगळ्या आइड्समधला मार्चचा आइड्स तर आणखीनच महत्त्वाचा. मार्च हा जुन्या रोमन वर्षाचा पहिला महिना, म्हणून तर सप्टेंबर ते डिसेंबर यांच्या नावात सात ते दहा हे आकडे अजून अडकून पडलेत. आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या शेवटापासून ते इ.स.पू. १५३ पर्यंत रोमचे नवीन कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले दोन सर्वोच्च अधिकारी, कारभार हातात घ्यायचे तो दिवस कुठला, तर १५ मार्च. कार्थेजच्या हॅनिबलशी लढताना रोमने जे जे सेनापती पाठवले त्यातल्या कित्येकांची टर्म या दिवशी सुरू झालेली आहे. इ.स.पू. १५३ मध्ये ही तारीख १ जानेवारीवर आणली ती काही अपशकुनामुळे नाही, स्पेनमध्ये सेगेडा नावाच्या गावाने तटबंदी वाढवायला घेतली, लढाई पेटणार असं दिसायला लागलं आणि कॉन्सल नोबिलिअरला सैन्य घेऊन लवकर निघायचं होतं म्हणून. आपण आज १ जानेवारीला एकमेकांना हॅपी न्यू इयर म्हणतो त्यामागे स्पेनमधल्या एका गावाची भिंत आहे, हे मला अजूनही गमतीशीर वाटतं. मुद्दा असा की रोमन लोक शकुन-अपशकुनाच्या बाबतीत इतके हळवे, पक्षी कुठून उडाला ते बघून सभा रद्द करणारे, ते नवीन सरकारची सुरुवात अशुभ दिवशी कशाला करतील.

मग सामान्य लोक १५ मार्चला काय करायचे? ॲना पेरेन्ना नावाच्या देवीची जत्रा. वर्ष फिरून परत येतं त्याची ही देवी. कवी ओव्हिडने याचं वर्णन फार मस्त केलंय: लोक टायबर नदीच्या काठी गवतावर पसरलेले, जोडप्याने आलेले, कुणी उघड्यावर, कुणी फांद्यांची झोपडी करून, कुणी काठ्या रोवून वर आपला टोगा, म्हणजे अंगावरचं वस्त्रच, पांघरलेला, आणि जितकी वर्षं आयुष्य हवं तितके पेले प्यायचे. नाटकात ऐकलेली गाणी म्हणायची, हातवारे करत नाचायचं, आणि संध्याकाळी झोकांड्या खात घरी. ओव्हिड म्हणतो मी स्वतः वाटेत एक म्हातारी बघितली, दारू प्यालेली, तसल्याच म्हाताऱ्याला ओढत घरी नेत होती. आता सांगा, हा दिवस अशुभ?

सावकारांचा दिवस म्हणून आइड्स वाईट, असंही एक थिअरी म्हणून फिरत असतं. त्यात अर्धं खरं आहे. कर्जाचे आणि व्याजाचे व्यवहार महिन्याच्या या ठरलेल्या दिवसांना बांधलेले असायचे. हॉरेसच्या एका कवितेत आल्फिअस नावाचा सावकार शेतीतल्या साध्यासुध्या आयुष्याचं भरभरून कौतुक करतो, आता मी गावी जाणारच म्हणतो, आइड्सला सगळे पैसे वसूल पण करतो, आणि कॅलेंड्सला परत ते व्याजाने लावायला गिऱ्हाईक शोधत असतो. पण ही कविता सीझरच्या खुनानंतर साधारण चौदा वर्षांनी लोकांसमोर आली आणि त्यात आइड्स म्हणजे वसुलीची तारीख, बस. ऋणको लोकांना ती नकोशी वाटत असेल, तेवढी तर ईएमआयची तारीख आजही वाटते, त्याला अपशकुन म्हणत नाहीत.

आणखी एक पुरावा देतात तो मामुरिअसचा. सहाव्या शतकातला एक लेखक सांगतो की मार्चच्या आइड्सला एका माणसाला कातडी पांघरून काठ्यांनी बडवत हाकलायचे. पण हा लेखक सीझरनंतर सहा शतकांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून लिहितोय आणि चौथ्या शतकातलं कॅलेंडर हाच सण १४ मार्चला दाखवतं, त्यामुळे मी यावर फार भार टाकत नाही, आणि टाकला तरी जुनं वर्ष हाकलण्याचा विधी म्हणजे काही दिवस वाईट असं होत नाही.

मग रोमन लोक कुठल्या दिवसांना घाबरायचे? घाबरायचे, आणि चांगलेच घाबरायचे, फक्त ते दिवस वेगळे. आइड्सच्या दुसऱ्या दिवसाला घाबरायचे. कॅलेंड्स, नोन्स आणि आइड्स या तिन्हींच्या लगेच नंतरचे दिवस 'काळे दिवस', त्या दिवशी नवीन काम नाही, प्रवासाला निघणं नाही. याची कथा रोमन लोक स्वतःच सांगायचे. पारंपरिक तारखेप्रमाणे इ.स.पू. ३९० मध्ये गॉल टोळ्यांनी आलिया नदीपाशी रोमन सैन्याचा पार धुव्वा उडवला आणि मग रोम शहर लुटलं. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेत, चौकशी बसली की आपल्यावर हे अरिष्ट का येतं, तेव्हा निघालं की सुल्पिशिअस नावाच्या सेनापतीने जुलैच्या आइड्सच्या दुसऱ्या दिवशी देवाला बळी दिला होता आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे १८ जुलैला, सैन्य कापलं गेलं. तिसरा दिवस कसा ते वरच्या पद्धतीने मोजून बघा, १६, १७, १८. त्यावरून पुजाऱ्यांनी निर्णय दिला की असले नंतरचे दिवस वर्ज्य.

आणि ती १८ जुलै हीच रोमनांची खरी कुप्रसिद्ध तारीख. वर सांगितलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्येही आलियाचा दिवस म्हणून त्याची वेगळी नोंद आहे. क्रेमेरा नदीवर फाबिअस घराण्याचे ३०६ जण मारले गेले तोही हाच दिवस अशी त्यांची समजूत. आणि ही भीती किती टिकली बघा, आलियानंतर साडेचारशे वर्षांनी, इ.स. ६९ मध्ये व्हिटेलिअस सम्राट झाला, मुख्य पुजारीपद घेतलं आणि धर्मकार्याबद्दलचा फतवा नेमका १८ जुलैला काढला, तर गावभर कुजबुज सुरू झाली की झालं, याचं काही खरं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला रस्त्यावर ओढून मारलं. ऑगस्टसचंही सांगतो, तो बाजाराच्या दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघायचा नाही आणि नोन्सला कुठलंही महत्त्वाचं काम सुरू करायचा नाही. ज्याच्या मानलेल्या बापाला आइड्सला भोसकून मारलं तो माणूस स्वतः घाबरायचा कशाला, तर नोन्सला. मला हे वाचलं तेव्हा हसूच आलं होतं.

मग खून नेमका १५ मार्चलाच का? याचं उत्तर साधं, वेळापत्रक. फेब्रुवारीत सीझर तहहयात डिक्टेटर झाला. १५ फेब्रुवारीला लुपरकालिया सणात सीझरचा साथीदार मार्क अँटनी याने भर चौकात त्याच्या डोक्यावर राजमुकुट ठेवायचा प्रयत्न केला, सीझरने नाकारला, पण संशय यायचा तो आलाच. त्यात अफवा की पूर्वेकडच्या पार्थियन लोकांना फक्त राजाच हरवू शकतो असं पवित्र ग्रंथात आहे, म्हणून पुढच्या सिनेट बैठकीत सीझरला राजा म्हणायचा प्रस्ताव येणार, आणि मग सीझरला मारायचा कट रचणाऱ्या सिनेटरांना त्यावर सगळ्यांसमोर मत द्यावं लागणार. आणि १८ मार्चला सीझर पार्थियाच्या मोहिमेवर निघणार होता, एकदा सैन्यात गेला की हात लावणं अशक्य. निवडणुकीच्या मैदानात मारू, रस्त्यात मारू, थिएटरच्या दारात मारू, असे पर्याय त्यांनी आधी बघितले होते. तेवढ्यात १५ तारखेची बैठक जाहीर झाली, तीही पॉम्पे या सीझरच्या जुन्या शत्रूने बांधलेल्या सभागृहात, कारण फोरम या मुख्य चौकातलं सिनेटचं घर इ.स.पू. ५२ मध्ये क्लोडिअस नावाच्या खून झालेल्या पुढाऱ्याच्या प्रेताबरोबर जळलं होतं आणि नवीन बांधकाम चालू होतं. पॉम्पेचं सभागृह थिएटरला लागून, आणि थिएटरमध्ये कटातल्या डेसिमस ब्रूटसने आपले ग्लॅडिएटर तयारीत बसवलेले. सिनेटच्या आत सिनेटरशिवाय कुणी नाही, म्हणजे सीझरभोवती त्याची माणसं नाहीत. याहून सोयीचं काय असणार? सकाळी कटवाले त्यांचा एक म्होरक्या कॅशियस याच्या घरी जमले, निमित्त काय तर त्याच्या मुलाचा वयात आल्याचा टोगा घालायचा समारंभ. यात तिथीचा, योगाचा, कशाचाही संबंध नाही.

पुढचं सगळ्यांना माहितीये म्हणून भरभर सांगतो. बायको कॅल्पर्निया वाईट स्वप्न पडलं म्हणून जाऊ नका म्हणते, डेसिमस घरी येऊन समजूत घालून घेऊन जातो, ट्रेबोनिअस अँटनीला बाहेर बोलण्यात गुंतवतो, टिलिअस सिम्बर अर्ज करायच्या बहाण्याने जवळ जाऊन टोगा खेचतो, कास्का पहिला वार करतो. एकूण २३ वार, आणि अँटिस्टिअस नावाच्या वैद्याने बघून सांगितलं की त्यातला फक्त एक, छातीतला, जिवावर बेतणारा होता. साठाहून जास्त लोक कटात आणि कामाचा वार एक, बाकीच्यांनी घाईत एकमेकांनाच जखमा केल्या.

आता ती भविष्यवाणी. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात इंटरेस्टिंग हा भाग वाटतो, कारण ती वाढत कशी गेली ते पावलापावलाने दिसतं. स्पुरिन्ना नावाचा माणूस खरा होता, बळी दिलेल्या जनावराची आतडी-काळीज बघून शकुन सांगणारा. त्याबद्दल सगळ्यात जुना उल्लेख त्या काळचा वक्ता आणि सिनेटर सिसेरो याचा, खुनाच्याच वर्षातला. सिसेरो काय सांगतो, तर सीझरने बळी दिला, बैलाच्या आत हृदयच सापडलं नाही, स्पुरिन्ना म्हणाला बुद्धी आणि जीव दोन्हीला धोका आहे. बस एवढंच. मार्च नाही, आइड्स नाही, तारीखच नाही. मग सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी, ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरिअस याच्या राज्यात दोघं जण लिहितात, त्यातला एक म्हणतो स्पुरिन्नाने पुढचे तीस दिवस जपायला सांगितले ज्यातला शेवटचा दिवस आइड्स, आणि दुसरा सरळ म्हणतो की आइड्सपासून जपा असं सांगितलं होतं. त्यानंतर चरित्रकार स्युटोनियस म्हणतो धोका आइड्सच्या पुढे जाणार नाही असं सांगितलं. आणि साधारण त्याच काळातल्या ग्रीक चरित्रकार प्लुटार्कमध्ये पूर्ण सीन तयार: सीझर सिनेटकडे जाताना वाटेत त्या भविष्यवाल्याला हसून म्हणतो, आइड्स तर आला, आणि तो हळूच म्हणतो, आला खरा पण गेला नाही अजून. डायलॉग म्हणून एक नंबर आहे. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने बघा, तीस दिवसांच्या व्हर्जनमध्ये सुद्धा आइड्स ही मुदत आहे, डेडलाइन. तो दिवस वाईट आहे म्हणून धोका, असं यातलं कुणीच म्हणत नाही.

बदनामी झाली ती नंतर, आणि एकदम झाली नाही. खुनानंतर दोनच दिवसांनी, १७ मार्चला, सिनेट टेल्लस देवीच्या देवळात बसलं आणि तडजोड केली, मारेकऱ्यांना माफी आणि सीझरचे सगळे निर्णय मात्र कायम. म्हणजे तो खून गुन्हा की पराक्रम हे तेव्हा ठरलेलंच नव्हतं. सिसेरोला तर आनंद लपवता येत नव्हता, पुढे त्याने कॅशियसला आणि ट्रेबोनिअसला पत्रात लिहिलं की आइड्सच्या त्या मेजवानीला मला बोलावलं असतं तर काही उरलं नसतं, म्हणजे अँटनीलाही ठेवला नसता. कटाचा दुसरा म्होरक्या मार्कस ब्रूटसने (डेसिमस नव्हे) इ.स.पू. ४२ मध्ये नाणंच काढलं, एका बाजूला स्वतःचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली लिहिलेलं 'आइड्स ऑफ मार्च' लॅटिनमध्ये, संक्षेपात. खुनाची तारीख नाण्यावर छापून सैनिकांना पगार वाटणारा हा माणूस. त्या नाण्याची सोन्याची एक प्रत २०२० मध्ये लंडनच्या लिलावात चाळीस लाख डॉलर्सच्या वर गेली, मग कळलं की तिचे मालकीचे कागद खोटे आहेत आणि २०२३ मध्ये ती ग्रीसला परत द्यावी लागली. नाणी जमवणाऱ्यांनी यातून काय तो धडा घ्यावा.

तर एकाच दिवसावर दोन गटांचा दावा होता, एकाला तो स्वातंत्र्यदिन वाटत होता आणि दुसऱ्याला बापाच्या खुनाचा दिवस. कोण जिंकलं हे इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपायच्या लढाईत ठरलं, ब्रूटस आणि कॅशियस दोघंही मेले, आणि दिवसाला नाव द्यायचा हक्क ऑक्टेव्हियन (पुढे हाच ऑगस्टस) आणि अँटनीकडे गेला. स्युटोनियस सांगतो तो ठराव असा: ज्या सभागृहात सीझरला मारलं ते भिंत घालून बंद करायचं, मार्चच्या आइड्सला 'पितृहत्येचा दिवस' म्हणायचं, आणि त्या दिवशी सिनेटची बैठक कधीही घ्यायची नाही. सीझरला राष्ट्रपिता अशी पदवी दिलेली होती, त्यावरून पितृहत्या. हे आहे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर, म्हणजे आइड्स ऑफ मार्चच्या कुप्रसिद्धीला जन्मतारीख शोधायची तर ती या ठरावात आहे. आणि बैठक न घेण्याचं कलम नुसतं प्रतीकात्मक नव्हतं हेही लक्षात घ्या, कारण पुढे ऑगस्टसने सिनेटच्या ठरलेल्या बैठका महिन्यातून दोनच ठेवल्या, कॅलेंड्सला आणि आइड्सला, म्हणजे मार्चमध्ये त्यातली एक आपोआप गेली.

ऑक्टेव्हियनबद्दल एक भयानक गोष्टही सांगतात. इ.स.पू. ४० मध्ये पेरुसिया शहर पडल्यावर त्याने ३०० सिनेटर आणि सरदार वेचून काढले आणि मार्चच्या आइड्सलाच सीझरच्या वेदीपुढे बळी दिल्यासारखे कापले. स्युटोनियस स्वतः 'काही जण असं लिहितात' म्हणून हे सांगतो, आकडा फुगवलेला असेल, शत्रूंनी पसरवलेली गोष्ट असेल. पण अफवा म्हणून जरी घेतली तरी त्या तारखेला किती लवकर रक्ताचा वास चिकटला ते कळतं, खुनाला जेमतेम चार वर्षं झालेली.

तरी गंमत म्हणजे सरकारने ठरवलं म्हणून लोकांनी लगेच डोक्याला हात लावून बसायचं ठरवलं नाही. ओव्हिडकडे परत जा. तो ऑगस्टसच्या राज्यात, म्हणजे सीझरच्या वारसाच्या राज्यात, सणावारांवर काव्य लिहितोय. १५ मार्चला पोचल्यावर ॲना पेरेन्नाच्या जत्रेला, तिच्या कथांना, त्या दारू प्यालेल्या म्हातारीला मिळून दीडशेच्या वर ओळी देतो, आणि मग म्हणतो की त्या तलवारींबद्दल मी बोलणार नव्हतो, पण वेस्टा देवीने सांगितलं म्हणून बोलतो. आणि सीझरला किती, तर चौदा ओळी. त्यातही देवी म्हणते मी त्याला आधीच उचलून स्वर्गात नेलं, खंजीर लागले ते त्याच्या सावलीला. मी हे शिकवतो तेव्हा दरवर्षी कुणीतरी विचारतं की ओव्हिड मुद्दाम चावटपणा करतोय का. मला वाटतं करतोय. नंतर ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठी हद्दपार केलं, कारणं दुसरी होती, पण असल्या कवीवर सम्राट खूश असेल असं वाटत नाही.

मग आपल्यापर्यंत आलेला तो 'सावध राहा' वाला आइड्स? तो प्लुटार्ककडून. प्लुटार्कचं इंग्रजी भाषांतर १५७९ मध्ये थॉमस नॉर्थने केलं, तेही फ्रेंचवरून, शेक्सपियरने ते वाचून १५९९ च्या सुमाराला नाटक लिहिलं, त्यात स्पुरिन्नाचं नावही गेलं, तीस दिवस गेले, बैलाचं हृदय न सापडणं उरलं ते दुसऱ्याच प्रसंगात, आणि गर्दीतून ओरडणारा एक अनामिक भविष्यवाला आणि एक वाक्य राहिलं. 'तू सुद्धा, ब्रूटस' पण त्या नाटकामुळेच घराघरात गेलेलं, स्युटोनियसच्या मते सीझर काहीच बोलला नाही, एक हुंकार सोडून, आणि काही लोक म्हणतात की तो ग्रीकमध्ये 'पोरा, तू पण?' असं म्हणाला. त्या एका वाक्यानंतर आइड्स म्हणजे खून, एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं, बाकीच्या अकरा महिन्यांचे आइड्स कुणाला आठवतही नाहीत.

रोमला जाणार असाल तर जागा बघून या. लार्गो दि तोर्रे अर्जेंतिना नावाचा चौक आहे, रस्त्याच्या पातळीच्या बराच खाली चार देवळांचे अवशेष आणि भरपूर मांजरं, जून २०२३ पासून आत उतरून फिरता येतं. देवळांच्या मागच्या बाजूला पॉम्पेच्या सभागृहाच्या पायाचे दगड दिसतात. इतिहासकार कॅशियस डिओ (कटवाला कॅशियस नव्हे) लिहितो की ती खोली आधी बंद केली आणि नंतर तिचं शौचालय केलं, आणि तिथे जवळच खरोखर रोमन काळातल्या सार्वजनिक शौचालयाचे अवशेष आहेत, गाइडला विचारा, ते दाखवताना सगळे गाइड खुलतात. पण एवढ्यावर थांबू नका. १९९९ मध्ये रोमच्या पारिओली भागात जमिनीखाली पार्किंगसाठी खोदताना ॲना पेरेन्नाचं कारंजं सापडलं, त्यात नाणी, दिवे, तांब्याचं एक मोठं भांडं आणि शिशाच्या पत्र्यावर लिहून टाकलेले शाप, लोकांनी आपापल्या शत्रूंना दिलेले. त्यातल्या वस्तू टर्मिनी स्टेशनजवळच्या डायोक्लेशनच्या स्नानगृहातल्या म्युझियममध्ये ठेवल्यात, तिथे गर्दी कमी असते आणि १५ मार्च म्हणजे रोमनांसाठी काय होता हे तिथे जास्त कळतं.